‘मोटर गेली’ हे निदान नव्हे

दाभोळच्या जेटीवर, दापोलीच्या बाजारात, खाडीपलीकडे गुहागरात विजेवरच्या मोटरसायकलचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, “तिची मोटर गेली.” दुसरं, “कोकणात या गाड्या चालायच्या नाहीत.” पहिलं वाक्य गाडी विकणाऱ्याच्या दुकानातून येतं, दुसरं गाव त्याला जोडतं. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींची किंमत गाडी घेणारा मोजतो. म्हणून हा लेख.

माझी हयात पंपांच्या मोटरी बांधण्यात आणि मच्छीमार बोटींचे डायनॅमो-स्टार्टर दुरुस्त करण्यात गेली. या धंद्यात उस्ताद पहिल्याच वर्षी एक गोष्ट बजावतो. मोटर जळली म्हणायचं असेल तर जळल्याची खूण दाखव. करपलेल्या वार्निशचा वास, काळी पडलेली तार, मेगरवरचा, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवरचा, आकडा, काहीतरी दाखव. खूण नसेल तर गप्प बस, कारण तुझ्या एका शब्दावर बागायतदार उसनवारी करणार आहे. विजेवरच्या गाड्या आल्या आणि हा नियम बघता बघता मोडीत निघाला.

गेल्या श्रावणात माझ्याच गाडीवर वेळ आली. धोपाव्याहून फेरीबोटीने परतलो, जेटीवरून निघताना गाडीने गचके द्यायला सुरुवात केली. चाकातून घरघर यायची, पायाने ढकललं की चार हात पुढे जायची आणि पुन्हा अडायची. टेम्पोत घालून तिला शहरातल्या दुकानात नेलं. तिथल्या मुलाने किल्ली फिरवली, रेस दिली, आवाज ऐकला आणि म्हणाला, “काका, मोटर गेली. चाकासकट बदलावी लागेल.”

“मीटर लावून बघितलंस का?”

“सीलबंद असते काका. आम्हाला उघडायची परवानगी नाही. जुनी काढायची, नवी घालायची.”

सांगितलेली रक्कम गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ जात होती. मी गाडी घरी आणली. तिच्यात काय सापडलं ते पुढे सांगतो. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला तपासायला कोणी शिकवलेलंच नाही, बदलायला शिकवलं आहे. माझं भांडण त्या शिकवणीशी आहे.

तिच्या बाजूने जे बोललं जातं ते आधी नीट मांडतो, कारण त्यातलं सगळंच खोटं नाही. एक, ही मोटर सीलबंद असते, तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. दोन, कोकणचा पाऊस आणि खारा वारा तिला सोसत नाही. तीन, आमच्या घाट्यांत ती जळते. चार, बाहेरच्या माणसाने हात लावला तर जीवाला धोका आहे आणि वॉरंटीही जाते. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा. या मोटरीत असतं तरी काय? गाभ्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी, त्यांच्या भोवती किंवा आत फिरणारे चुंबक, दोन बेअरिंगं, आणि चुंबक या क्षणी कुठे आहे हे सांगणारे तीन बारीक हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी ज्या परिणामाचा शोध १८७९ मध्ये लावला, त्यावर चालणारे. कार्बनचे ब्रश नाहीत, त्यामुळे घासून संपण्यासारखं बेअरिंगांखेरीज काही नाही. बाहेर तीन जाड वायरी येतात, बहुधा पिवळी, हिरवी आणि निळी. शिवाय पाच बारीक वायरींचा एक जुडगा, सेन्सरांचा. झाली मोटर. पंपाच्या मोटरीत मी याहून जास्त भानगडी पाहिल्या आहेत.

आता गाडी चालण्यासाठी मोटरीच्या बाहेर काय काय शाबूत असावं लागतं ते मोजा. बॅटरी आणि तिच्यातलं राखणदार सर्किट, मुख्य फ्यूज, कंट्रोलर आणि त्यातले प्रवाह चालू-बंद करणारे मॉसफेट, रेस देणारी मूठ, ब्रेक दाबल्यावर मोटर तोडणारे दोन स्विच, साइडस्टँडचा स्विच, आणि या सगळ्यांना जोडणारे डझनभर कनेक्टर. यातलं काहीही बिघडलं तरी चालवणाऱ्याला दिसतं एकच, चाक फिरत नाही. चाक मोटरीचं, म्हणून दोष मोटरीचा, असा हा तर्क आहे. नळाला पाणी आलं नाही म्हणून कोणी नळ बदलत नाही. आधी टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, मग पाइप.

आणि तपासायचं म्हणजे काही प्रयोगशाळा लागत नाही. लक्षणच अर्धी वाट दाखवतं. किल्ली फिरवली, डिस्प्ले उजळला, रेस दिली आणि चाकातून आवाजच नाही, तर मोटरीला अजून हुकूमच पोचलेला नाही. आधी ब्रेकचे आणि स्टँडचे स्विच बघा. लिव्हर पूर्ण मागे येत नसेल तर गाडी समजते की तुम्ही ब्रेक दाबून बसला आहात. मग मुठीची सिग्नल वायर. मूठ सोडलेली असताना साधारण एका व्होल्टच्या आत आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चारच्या आसपास आकडा सरकत गेला पाहिजे. तो जागचा हलला नाही तर दोष मुठीत किंवा तिच्या वायरीत आहे आणि मोटर निर्दोष आहे.

किल्ली बंद असताना गाडी ढकलायला जड लागते, जोरात ढकलावी तितकी जास्त अडते, तर कुठेतरी शॉर्ट आहे. फिरणारं चाक स्वतःच जनरेटर होतं आणि शॉर्ट झालेल्या वाटेने वाहणारा प्रवाह त्याच चाकाला रोखतो. लेन्झ यांनी १८३४ मध्ये मांडलेला नियम तो हाच. मग तिन्ही जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा आणि चाक पुन्हा फिरवा. हलकं झालं तर मॉसफेट गेलेत, मोटर ठीक आहे. तसंच जड राहिलं तर दोष ॲक्सलमधून येणाऱ्या केबलमध्ये किंवा वायंडिंगमध्ये. जडपणा नसून नुसती खरखर असेल तर बेअरिंग बघा. अवघ्या पाच मिनिटांचं हे काम आहे आणि त्यात मोटर उघडावी लागत नाही. मोटर बदलायची की कंट्रोलर, या दोन अगदी वेगळ्या खर्चांमधला निवाडा या पाच मिनिटांत होतो.

इथे एका चुकीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण तिच्यापायी चांगल्या मोटरी भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. दुकानात कधी मीटर काढलाच, तर तो ‘बीप’वर ठेवून दोन जाड वायरींना लावतात. बीप वाजला की ‘वायंडिंग शॉर्ट’ म्हणून निकाल. पण निरोगी मोटरीतही तो वाजतोच! या वायंडिंगचा रोध एका ओहमचा बारीकसा अंश असतो, साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त भरतो. त्या मीटरला चांगली मोटर आणि शॉर्ट मोटर यांतला फरक कळणंच शक्य नाही. म्हणजे मीटर लावला खरा, पण प्रश्न चुकीचा विचारला.

बरोबर प्रश्न असा. तिन्ही जाड वायरी मोकळ्या करा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, चाक एकसारख्या वेगाने फिरवा आणि पिवळी-हिरवी, हिरवी-निळी, निळी-पिवळी या तिन्ही जोड्यांमधला व्होल्टेज लिहून घ्या. तिन्ही आकडे सारखे आले तर तिन्ही वेटोळी शाबूत आहेत. एखादी जोडी कमी दाखवते किंवा काहीच दाखवत नाही, तर वायंडिंगमध्ये किंवा केबलमध्ये दोष आहे. मीटर नसेल तर वायरींची एकेक जोडी एकमेकींना टेकवून चाक फिरवा, तिन्ही वेळा अडकाव सारखाच जाणवला पाहिजे. शेवटी प्रत्येक जाड वायर आणि ॲक्सल यांच्यात मेगर लावा. तिथे वाट बंदच हवी. एवढ्या परीक्षांत मोटर नापास झाली तर खुशाल म्हणा मोटर गेली. मी विरोध करणार नाही.

माझ्या गाडीत तिन्ही आकडे सारखे आले होते. चाक हलकं फिरत होतं, ॲक्सलला कुठे शॉर्ट नव्हता. मग बारीक वायरींकडे वळलो. किल्ली चालू केली, सेन्सरांना पाच व्होल्ट मिळतात का ते पाहिलं, आणि चाक बोटाबोटाने पुढे सरकवत एकेका सिग्नल वायरीवर मीटर धरला. तिथला आकडा शून्य आणि पाच असा आलटून पालटून बदलायला हवा. दोन वायरींवर बदलत होता, तिसरीवर हलत नव्हता. कनेक्टर सोडवला तर आतला एक पिन हिरवा होऊन कुजला होता. तीन सेन्सरांच्या नेहमीच्या मांडणीत कंट्रोलरला सहा स्थिती ओळखू येतात. एक सेन्सर मुका झाला की त्यातल्या काही स्थिती चुकीच्या पोचतात, चुकीच्या वेळी चुकीच्या वेटोळीत प्रवाह जातो आणि गाडी गचके देते. आवाज मोटरीतून येतो हे खरं, पण मोटर बिचारी मिळालेला हुकूम पाळत असते. पिन बदलला, नवा कनेक्टर लावला. ती गाडी आजही दापोलीला जाऊन येते.

काही नव्या मोटरसायकलींत हॉल सेन्सरांऐवजी एन्कोडर असतो आणि त्याची तपासणी कंपनीच्या यंत्राशिवाय होत नाही, हे मान्य. काहींत मोटर चाकात नसते, मधे बसवलेली असते आणि चेन किंवा बेल्टने चाक फिरवते. पण तीन जाड वायरी तिथेही आहेत आणि वर सांगितलेल्या परीक्षा तिथेही लागू पडतात. फक्त मोटर फिरवताना चेन किंवा बेल्ट काढावा लागेल, इतकंच.

दुसरा मुद्दा, खारा वारा. यात तथ्य आहे, म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा. आषाढात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतून पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याहून आधीच ओलं होतं. तेच मीठ फेरीबोटीच्या डेकवर, जेटीवर, वाऱ्याबरोबर पडवीतसुद्धा गाडीच्या कनेक्टरांवर बसतं. गाडीला पावसाचा थेंबही लागला नाही तरी पिनांमधे खारट ओल तयार होते. शेजारी शेजारी दोन पिन, एकावर पाच व्होल्ट, दुसरा शून्यावर, मधे मीठपाणी. विजेने धातू विरघळायला आणखी काही लागत नाही. किल्ली चालू असेपर्यंत जास्त व्होल्टेजचा पिन झिजत राहतो.

गाडीच्या माहितीपत्रकावर आयपी ६७ असं लिहिलेलं असतं आणि विकणारा ते छाती ठोकून सांगतो. या आकड्यांचा अर्थ काय? सहा म्हणजे धूळ आत जात नाही. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं तरी अपाय होईल इतकं पाणी शिरत नाही. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. चार पावसाळे खाल्लेलं सील कसं टिकेल, हे ती सांगत नाही. घाटी चढून तापलेल्या मोटरीवर अचानक सर पडली की आतली हवा आकसते आणि केबलच्या कडेने ओलसर हवा आत ओढली जाते, याचा हिशेब तिच्यात नाही. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरगनचा फवारा ॲक्सलवर धरला तर काय होईल, याचंही उत्तर त्या दोन आकड्यांत नाही.

मग यातून निष्कर्ष काय निघतो? कोकणात गाडी चालत नाही, हा निघत नाही. निघतो तो असा, की कोकणात विकलेल्या गाडीची कोकणासारखी निगा राखायला हवी आणि ती कशी राखायची हे विकणाऱ्याने सांगायला हवं. फेरीतून किंवा किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने, बिनजोराने धुणं. मृगाच्या आधी कनेक्टर उघडून, साफ करून, त्यांत विजेच्या जोडांसाठीचं ग्रीस भरणं. मोटरीकडे जाणाऱ्या केबलला खाली झुकलेला झोळ देणं, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळातून गळून पडेल. आमचे मच्छीमार बोटीच्या इंजिनाची निगा राखतात, स्टार्टरच्या टर्मिनलांना ग्रीस फासतात, आणि खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं यंत्रं चालवतात. समुद्र यंत्राला मारतो म्हणून दाभोळने बोटीला इंजिन लावायचं सोडलं नाही.

तिसरा मुद्दा, घाट्यांचा. इथे मी विरोधकांना अर्धा मुद्दा देतो आणि उरलेला परत मागतो. दाभोळ समुद्राच्या काठी, दापोली सुमारे आठशे फुटांवर. समजा गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो वजन आहे आणि रस्ता बारा फुटांना एक फूट चढतो. ताशी २५ किलोमीटरने सपाटीवर जायला जेवढा जोर लागतो, त्याच्या पाचपटीहून जास्त जोर या चढाला लागेल. मोटरीत जोर प्रवाहातून येतो, पण तांब्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. जोर पाचपट, तर उष्णता पंचवीसपट. सपाटीवर कोमट राहणारी मोटर चढावर का तापते, याचं उत्तर या एका गुणाकारात आहे.

वार्निशचा चांगला थर १५५ किंवा १८० अंश सोसतो. साध्या प्रतीचे नियोडायमियम चुंबक मात्र ८० अंशांच्या पुढे कायमचे दुबळे होऊ लागतात. अशा मोटरीत तांबं शाबूत आणि चुंबक मेलेलं, असं होऊ शकतं. तिची खूणही ठरलेली असते. चाक अधांतरी ठेवलं तर पूर्वीपेक्षा जोरात फिरतं, चढावर मात्र दम धरत नाही, आणि तिन्ही जोड्यांचा व्होल्टेज सारखा पण पूर्वीपेक्षा कमी येतो. ही खरी गेलेली मोटर. पण घाटीत गाडी मंदावली, दहा मिनिटं सावलीत थांबली आणि पुन्हा नीट चालली, तर ती मोटर गेलेली नाही. तापमान वाढल्यावर कंट्रोलरने हात आखडता घेतला, किंवा जास्त प्रवाह ओढताच बॅटरीतला एखादा दुबळा सेल बसला. चढावर असताना बॅटरीचा व्होल्टेज पाहिला की दोहोंतलं काय ते समजतं.

आता परत मागायचा अर्धा मुद्दा. ज्या गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, तिच्या मोटरीची अर्ध्या तासाची ताकद कायद्याने २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा लागतो. गाडी-बॅटरी आणि दोन माणसं मिळून दोनशे किलो धरा आणि तोच चढ धरा. २५० वॉटमध्ये ती ताशी पाच किलोमीटरनेसुद्धा चढणार नाही. माणूस पायी जातो तोच वेग. अशी गाडी दाभोळच्या माणसाला “दापोलीला डबलसीट आरामात जाते” म्हणून विकायची, सहा महिन्यांनी मोटर तापून गेली की घाटीला दोष द्यायचा, हा अप्रामाणिकपणा आहे. दोष चुकीची गाडी चुकीच्या रस्त्यासाठी विकणाऱ्याचा आहे. घाट्या त्याच्या आधीपासून इथे आहेत.

चौथा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. ७२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की ८४ व्होल्टपर्यंत जाते. पाना निसटून तिची दोन टोकं जुळली तर शेकडो अँपियर वाहू शकतात, हातातली अंगठी वितळू शकते. मुख्य जोड सोडवल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ भार शिल्लक असतो. म्हणून बॅटरीचा डबा घरी कोणी उघडू नये, हे मी लिहून देतो. मोटरीवर काम करताना आधी बॅटरी सोडवावी, थोडं थांबावं, हातातलं धातूचं सगळं काढावं. जिथे किल्ली चालू ठेवून मोजायचं आहे तिथे चाक स्टँडवर अधांतरी असावं आणि मुठीला कोणी हात लावू नये. हे माहीत नसेल त्याने माहीत असलेल्याकडे जावं. पण धोका आहे म्हणून तपासूच नका, हा निष्कर्ष कुठून काढला? ४१५ व्होल्टच्या थ्री फेज पंपांवर गावागावांतले वायरमन आयुष्यभर काम करत आले. ते शिकून काम करतात. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुढे फक्त चाकं बदलायला लावायची असतील, तर शिकवायचं कशासाठी?

राहिली वॉरंटी. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटारगाडी कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण नेमकं हेच होतं. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्यायची नाहीत, आणि बाहेर काम केलं की वॉरंटी रद्द करायची. आयोगाने सांगितलं, सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुली करा, आणि निव्वळ बाहेरच्या मिस्त्रीकडे नेली एवढ्यावरून सगळी वॉरंटी मोडू नका. त्याच्या चुकीने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश त्या मोटारगाडी कंपन्यांपुरता होता, दुचाकींना थेट लागू नाही. पण चारचाकीच्या मालकाला जो न्याय, तो दाभोळमधल्या दुचाकीवाल्याला का नको? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या पहिल्या चार क्षेत्रांत वाहनं आहेत. शिवाय १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ या काळातल्या, विजेवरच्या वाहनांसाठीच्या फेम-२ योजनेत अनुदान मिळवायचं तर बॅटरीसकट किमान तीन वर्षांची वॉरंटी आणि विक्रीनंतरची पुरेशी सेवा देण्याची अट होती. ते अनुदान तुमच्या-माझ्या करातून गेलं. ज्या गाड्या त्यावर विकल्या, त्यांची सेवा म्हणजे आमच्यावरचे उपकार नव्हेत.

वॉरंटीतली मोटर विनाकारण नाकारली असं वाटलं, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. कंपनी बेंगळुरूची असो वा पुण्याची, दाभोळकराला रत्नागिरी पुरते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पण आयोगापुढे बोलायला कागद लागतो, आणि ‘मोटर गेली’ या दोन शब्दांचा कागद कधी कोणी देत नाही.

आमच्या नदीने या बाबतीत एक धडा दिला आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. वाशिष्ठी म्हणजे दाभोळलाच समुद्राला मिळणारी आमची नदी. दुकानांतल्या, घरांतल्या मोटरी, पंप, दुचाक्या गढूळ पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर जे कारागीर कामाला लागले त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी गोड्या पाण्याने चिखल धुवा, मग वाळवा, मग मेगर लावा, आणि त्यानंतरच काय टाकायचं ते ठरवा. ओली मोटर मेगरला नापास होते, वाळल्यावर तीच पास होऊ शकते. पंपांच्या धंद्यात आम्ही विहिरीत भिजलेल्या मोटरीजवळ रात्रभर मोठा बल्ब लावून ठेवायचो आणि सकाळी पुन्हा मोजायचो. वाळवल्याशिवाय निकाल नाही, हा कायदा आमच्या आधीच्या पिढीचा आहे.

खाडीपलीकडे अंजनवेलला आमच्या गावाचं नाव लावलेला वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. यंत्रं नुसती उभी राहिली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली, तिने प्रकल्प ताब्यात घेतला आणि २००६ पासून तिथून पुन्हा वीज मिळू लागली. त्या प्रकल्पाच्या करारांवर, किमतीवर किती भांडणं झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाच वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या त्या महाकाय यंत्रांबद्दल ‘गेली, टाकून द्या’ असं कोणी म्हटलं नाही. तपासली, दुरुस्त केली, चालवली. हजारो कोटींच्या यंत्राला तपासणीचा जो मान मिळतो, तो मासळी पोचवणाऱ्या पोराच्या मोटरसायकलला मिळावा, एवढंच माझं म्हणणं. त्याच्या घरातलं सर्वांत महागडं यंत्र तेच असतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मोटर बदलण्याआधी दुकानाने एका कागदावर लिहून द्यावं की चाक वायरी सोडवून फिरवलं तेव्हा हलकं होतं की जड. तिन्ही जोड्यांचा व्होल्टेज किती आला. तिन्ही सेन्सरांचे सिग्नल बदलतात की नाही. ॲक्सलशी मेगर किती दाखवतो. आणि काढलेली जुनी मोटर मालकाला परत मिळणार की नाही. पाच ओळींचा कागद होईल. प्रामाणिक दुकानदाराला त्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाणार नाही आणि त्याचीच पत वाढेल. कंपन्यांनी या मोजमापांचे योग्य आकडे गाडीच्या पुस्तिकेत छापावेत. आणि बेअरिंग, सेन्सर, कनेक्टर हे भाग सुटे विकावेत. आज काही रुपयांच्या सेन्सरसाठी अख्खं चाक विकत घ्यावं लागतं, यासारखी उधळपट्टी दुसरी नाही.

कोकणात विजेवरच्या गाड्या टिकतील की नाही, हे आमचा पाऊस ठरवणार नाही. दापोलीत, गुहागरात, खेडात त्यांना नीट तपासणारे हात तयार होतात की नाही, यावर ते ठरेल. ते हात तयार होतात मागणीमुळे, आणि मागणी गाडीच्या मालकाने करायची असते. म्हणून यापुढे कोणी तुम्हाला सांगितलं की मोटर गेली, तर वाद घालू नका, रागावू नका आणि पैसेही काढू नका. एवढंच विचारा, “तिन्ही जोड्यांचा व्होल्टेज किती आला?” आणि उत्तर मिळेपर्यंत गाडीची किल्ली हातातच ठेवा.